विजेची दुचाकी : दुरुस्ती की नवी खरेदी?

अंबरनाथ पूर्वेची आनंदनगर औद्योगिक वसाहत रेल्वे स्थानकापासून दूर आहे. पाळीची वेळ गाठण्यासाठी आमच्यासारख्या काही कामगार कुटुंबांनी विजेची दुचाकी घेतली. ती जुनी झाली, की प्रश्न पडतो : दुरुस्त करावी, की नवी घ्यावी?

प्रथम गाडी व बॅटरी यांचा वेगवेगळा विचार करावा. या गाड्यांच्या मोटारीत सहसा कार्बन ब्रश नसतात. त्यामुळे ती लवकर झिजत नाही. आधी थकते ती बॅटरी. शिसे-आम्लाच्या ४८ व्होल्टच्या संचात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. एक दुबळी झाली, की सारा संच बसतो. तीन जुन्यांत एक नवी घातली, तर तीही लवकर खराब होते. म्हणून चारही एकदम बदलणे श्रेयस्कर.

आता हिशेब. समजा, नवा संच १२,००० रुपयांना मिळाला व २४ महिने टिकला. दरमहा ५०० रुपये पडले. नवी गाडी ७२,००० रुपयांची, ७२ महिने टिकणारी. दरमहा १,००० रुपये. येथे दुरुस्ती परवडते. संच वर्षभरातच गेला, तर मात्र हा फायदा उरत नाही. आणि सांगाडाच तडकला असेल, तर दुरुस्तीचा मोह टाळावा. तेथे प्रश्न जिवाचा आहे.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. शिसे विषारी असते, आणि २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

तात्पर्य, दुकानात 'किती रुपये?' या प्रश्नाबरोबरच 'किती महिन्यांची लेखी हमी?' हेही विचारावे. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराचा निर्णय त्या उत्तरावरच ठरतो.