गोठ्यातील उग्र वायू आणि वासरांचा श्वासोच्छ्वास

जनावरांच्या श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राकडून होते. नाक, श्वासनलिका व फुफ्फुसे येथील स्थिती मज्जातंतू या केंद्रास कळवीत असतात. फुफ्फुसे फुगली की व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून संदेश जातो व श्वास आत घेणे थांबते, असे हेरिंग व ब्रॉयर यांनी 1868 मध्ये दाखविले.

उग्र वायूमुळे हे नियंत्रण बिघडते. गोठ्यात साचलेल्या मूत्रातील युरियाचे शेणातील जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू निर्माण होतो. नाकातील मज्जातंतूंना तो झोंबला की जनावर शिंकते व क्षणभर श्वास रोखते. श्वासनलिकेत पोहोचला की खोकला येतो. त्याहून खोलवर, फुफ्फुसांतील केशवाहिन्यांजवळ असलेल्या मज्जातंतूंच्या टोकांचा शोध भारतीय शास्त्रज्ञ डॉ. अवतारसिंग पैंतल यांनी 1955 मध्ये लावला. ही टोके उत्तेजित झाली असता श्वास क्षणभर थांबून नंतर जलद व उथळ होतो.

शिंक व खोकला ही शरीराची संरक्षक योजना होय. परंतु असा वायू दिवसानुदिवस नाकात जात राहिल्यास श्वासमार्गाचे अस्तर दुखावते, कफ बाहेर पडत नाही व फुफ्फुसदाह होण्याचा संभव वाढतो. वासरे जमिनीलगत बसत असल्याने त्यांस हा त्रास अधिक होतो.

वासरू खोकू लागताच सर्दी झाली असे समजून दारे बंद करणे व धुरी देणे ही मोठी चूक आहे. धूरही त्याच मज्जातंतूंना उत्तेजित करतो.

पुढील उपाय योजावेत :

1. पहाटे दार उघडताच वासराच्या नाकाइतके खाली वाकून वास घ्यावा. गोठ्यात काही वेळ थांबल्यावर नाकास वासाची सवय होते.

2. मूत्र वाहून जाण्यास जमिनीस उतार व नाली ठेवावी. ओले काड रोज बदलावे.

3. छपराखाली हवा खेळण्यास झरोके ठेवावेत. मात्र वासरांच्या अंगावर थेट वारा येऊ देऊ नये.

4. ओल्या शेणामूत्रावर चुना टाकू नये. त्याने अमोनिया अधिक सुटतो.

5. वासरू निरोगी व स्वस्थ असताना कुशीची हालचाल पाहून मिनिटातील श्वास मोजून ठेवावेत. हवा मोकळी केल्यावरही श्वास जलद राहिल्यास किंवा ताप असल्यास पशुवैद्यास त्वरित बोलवावे.