अंगणातील कोंबड्या आणि घारीचा बंदोबस्त

मी कापडाचा व्यापारी. कोंबड्यांवर लिहिण्याचा माझा काय अधिकार, असा प्रश्न काही वाचक बंधू विचारतील. पण आमच्या नागपुरात मोमिनपुऱ्यापासून कामठीपर्यंत ज्या विणकरांचे माग गेल्या काही वर्षांत बंद पडले, त्यांच्यातील अनेकांच्या घरी आज अंगणातील पाच-दहा कोंबड्या हाच बाईमाणसांच्या हातातला रोख पैसा आहे. गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा जास्त भाव मिळतो आणि ते विकायला बाजारात जावे लागत नाही, गिऱ्हाईक दारात येते. म्हणून व्यापाराच्या या पानावर हा विषय घेतला आहे.

ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षे साड्या घेतल्या, अशा एका विणकर बंधूंनी माग भंगारात काढला. त्यांच्या घरच्यांनी मजकडून थोडी रक्कम उसनी घेऊन दोन कोंबड्या आणल्या. पहिली कोंबडी १४ अंड्यांवर बसली, ११ पिल्ले निघाली, आणि नऊ दिवसांत ७ पिल्ले घारीने नेली. उरली ४. भाभी म्हणाल्या, "भाईजान, तुमचे पैसे घार घेऊन गेली." ही गोष्ट त्यांनी हसत सांगितली, पण त्यांचे यजमान त्याच संध्याकाळी उंदीर मारण्याचे औषध मेलेल्या पिल्लाला लावून छपरावर ठेवण्याच्या विचारात होते.

मी त्यांना थांबवले. एक तर घार, शिक्रा, ससाणा या पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडणे किंवा त्यांची अंडी-घरटी मोडणे हा गुन्हा आहे. दुसरे, छपरावरचे विष तेथेच राहत नाही. ते मांजर खाते, कावळा उचलतो, तुकडा शेजारच्या अंगणात पडतो, आणि अंगणात मुले खेळतात. शिवाय एक घार मेली तरी तिच्या जागी दुसरी येते, कारण तिला बोलावणारी वस्तू आपल्याच मोहल्ल्यात पडलेली असते. त्याविषयी पुढे सांगतो.

प्रथम चोर कोण ते ओळखावे. इलाज प्रत्येकाचा वेगळा आहे. घार मोठी, तपकिरी, शेपटी मधोमध खाचेची. आकाशात घिरट्या घालते, झेप घेऊन पायाने पिल्लू उचलते आणि जमिनीवर न बसताच निघून जाते. मागे काही खूण राहत नाही. पिल्लू नुसते मोजणीत कमी भरते. शिक्रा लहान, कबुतराएवढा, पाठ राखाडी, छातीवर आडव्या पट्ट्या. (हा शब्द फारसीतल्या 'शिकार'वरून आलेला आहे. जुने बाजवाले मादीला शिकरा म्हणत, कारण या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते.) तो घिरट्या घालीत नाही. लिंबाच्या फांदीत लपून बसतो आणि सकाळी-सायंकाळी खालून, भिंतीलगत, एकदम येतो. कावळा अंडी आणि पहिल्या आठवड्यातील पिल्ले नेतो. पण रात्री मोठी कोंबडी मेलेली सापडली तर घारीला दोष देऊ नका. घार रात्री शिकार करीत नाही, आणि तिचे स्वतःचे वजन किलोपेक्षा कमी असते, ती दीड किलोची कोंबडी काय उचलणार? ते काम बहुधा मांजराचे, आणि त्याचा इलाज खुराड्याच्या पक्क्या दाराचा.

यातून व्यापारी हिशोब असा निघतो की आकाशातला धोका मुख्यतः पहिल्या सहा ते आठ आठवड्यांचा आहे. सगळे अंगण झाकण्याचा खर्च करण्याची गरज नाही. पिल्लांपुरती दहा बाय दहा फूट जागा राखली तरी पुष्कळ झाले.

आता इलाज. विणकराला हा समजावून सांगावा लागत नाही, कारण तो ताणा-बाण्याचाच आहे. घारीचे पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साडेचार-पाच फूट भरतात. तिला उतरायला आणि तेवढ्याच वेगाने वर निघायला मोकळी वाट लागते. डोक्यावर सात फूट उंचीवर एक-एक फुटाच्या अंतराने दोऱ्या ताणल्या, आडव्या आणि उभ्या, तर ती वाट बंद होते. दहा फुटांच्या जागेत एका दिशेला ९ दोऱ्या, दुसऱ्या दिशेला ९, म्हणजे १८० फूट, गाठी व टोके धरून २०० फूट दोरी. एवढ्यावर घारीचे काम बहुतेक भागते. शिक्र्याचे पंख मात्र दोनच फुटांचे आणि तो दोऱ्यांमधून तिरपा होऊन निघू शकतो. जवळ मोठे झाड असेल आणि शिक्रा दिसत असेल तर वर आणि बाजूंनीही इंच-दीड इंच भोकाची जाळीच हवी.

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. भाभींच्या अंगणासाठी मी दुकानात पडून असलेली बारीक नायलॉनची जाळी फुकट म्हणून दिली. ती ढिली बांधली गेली, मधोमध झोळ आला, आणि तिसऱ्या दिवशी एक घार त्यात अडकून पंख कापून घेऊन लोंबकळत राहिली. पोत्यात घालून तिला सेमिनरी हिल्सवरील वन विभागाच्या उपचार केंद्रात, ज्याला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर म्हणतात, न्यावे लागले. तेव्हा जाळी जाड धाग्याची, दिसणारी आणि ढोलकीसारखी ताणलेली असावी. आणि संक्रांतीनंतर गल्लोगल्ली पडलेला मांजा कोणी या कामाला वापरू नये. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तो पक्ष्याचा पंख कापतो तसा माणसाचा गळाही कापतो. सुतळी चालते, पण पावसाळ्यानंतर कुजते. नायलॉनची दोरी आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात कडक होऊन तुटते. दोन्हींची वर्षातून एकदा तपासणी हवी. हिरवे शेडनेट घातले तर सावलीही मिळते. पत्रा मात्र खाली टांगू नये, पिल्ले भाजून निघतील.

लपायला जागा ही दोरीइतकीच महत्त्वाची. कोंबडी आकाशात सावली पाहून विशिष्ट आवाज काढते आणि पिल्ले जवळच्या आडोशात पळतात. आडोसाच नसेल तर तो इशारा वाया जातो. विदर्भात पऱ्हाट्यांना तोटा नाही. कापूस निघाल्यावर त्या भिंतीला तिरप्या टेकवून ठेवाव्यात, खाली फूटभर उंच पोकळी राहील इतक्या. जुनी चारपाईसुद्धा चांगले काम देते. एक कोंबडा पाळावा, तो चरण्यापेक्षा वर पाहण्यात जास्त वेळ घालवतो. यंत्रातून निघालेल्या पिल्लांना आई नसते, म्हणून ती सर्वांत आधी जातात. ती आणायचीच तर गिरिराज, वनराज यांसारख्या रंगीत जातीची आणावीत. पांढरे पिल्लू मातीवर दुरून दिसते. (एका बंधूंनी पिल्ले रंगवण्यासाठी मजकडे कापडाचा रंग मागितला होता. दिला नाही. पिल्ले एकमेकांना टोचतात, रंग पोटात जातो, आणि तीन-चार आठवड्यांत ती लव गळून नवी पिसे येतातच.) चकचकीत फिती किंवा जुन्या कॅसेटची टेप टांगणे हा इलाज आठवडाभराचा. पक्षी हुशार आहे, त्याला सवय होते. जागा बदलत राहिलात तरच उपयोग.

आता मोहल्ल्याचा दोष. मटणाच्या दुकानामागे, कुर्बानीच्या दिवसांत नाल्यात, कोंबडीची आतडी-पिसे उघड्यावर पडतात आणि घारी तेथे मुक्काम ठोकतात. दिल्लीच्या जुन्या वस्तीत घारींना मांसाचे तुकडे टाकण्याची रीत आहे. तेथे अभ्यास करणाऱ्यांना अशा वस्त्यांजवळ घारींची घरटी अधिक दाट आढळली. ज्याच्या घरी पिल्ले आहेत त्याने छपरावर तुकडे टाकू नयेत, आणि शेजाऱ्यालाही तसे सांगावे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घारींच्या घरट्यात पिल्ले असतात, तेव्हा त्या फार धीट होतात. या दिवसांत कोंबडी अंड्यांवर बसवलीत तर दोऱ्या आधी बांधा.

आणखी एक सावधगिरी. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्याच गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या मरण पावले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. तेव्हा मेलेली कोंबडी घारीसाठी उकिरड्यावर फेकणे थांबवावे. खोल पुरावी, हात उघडा लावू नये, आणि एकापाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे.

भाभींच्या अंगणात आता सुतळीची जाळी आहे, त्यांच्या यजमानांनी स्वतः ताणलेली. माग गेल्यापासून त्यांनी सूत हातात घेतले नव्हते. दुसऱ्या कोंबडीची ९ पिल्ले निघाली, त्यातील ८ आज पावशेराच्या वर आहेत. एक मांजराने नेले. उसने पैसे अजून यायचे आहेत, पण परवा दुकानात एक डझन अंडी आली, आणि हिशोबाच्या वहीत ती लिहून घ्या असा निरोप होता.