इफ्ताहाच्या कन्येचा विलाप

पडदे व वेषभूषा यांवांचून केवळ गायनानें मांडलेल्या धार्मिक नाट्यास ‘ओरॅटोरिओ’ म्हणतात. रोम येथील संगीतकार कारिस्सीमी (१६०५–१६७४) याचें ‘येफ्ते’ हें त्यांतील एक श्रेष्ठ उदाहरण होय.

कथा शास्ते ११ मधील आहे. विजयी होऊन परतल्यावर घरांतून जें सामोरें येईल, त्याचें होमार्पण करण्याचा नवस इफ्ताहानें केला. डफ वाजवीत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी! नवस बापाचा, प्राण मुलीचा. तरी बाप बोल लावतो तो तिलाच. शास्त्रांत तिचें नांवही दिलेलें नाहीं.

हँडेलनें १७५२ सालीं हीच कथा गायिली, तेव्हां देवदूत आणून मुलीस वांचविलें. श्रोता निश्चिंत झाला. कारिस्सीमीच्या कृतींत सुटका नाहीं. मुलगी डोंगरावर विलाप करते, आणि दोन उंच स्वर तिचे शेवटचे शब्द प्रतिध्वनीप्रमाणें परत उच्चारतात. मग सहा स्वरांचा गायकवृंद सर्वांस रडण्यास सांगतो व तेथेंच गायन संपतें. आतां श्रोता केवळ श्रोता राहत नाहीं. तो शोकाचा वाटेकरी होतो.

शास्त्र सांगतें कीं, इस्राएलाच्या कन्या प्रतिवर्षीं चार दिवस तिचें स्मरण करीत. कारिस्सीमीचा गायकवृंद मात्र कन्यांच्या आधीं पुत्रांस हांक मारतो. मुलांनो, हें ध्यानांत धरा. पालकहो, आपला शब्द किंवा कुळाची अब्रू राखण्यासाठीं मुलीच्या जिवावर घाला घालणें, यास धर्म म्हणूं नये.