नवा टीव्ही आला, जुन्या स्टॉकचं काय?

व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे लिहून देतोय. विषय टीव्हीच्या स्क्रीनचा आहे, पण धडा मोबाइल, पंखे, मिक्सर विकणाऱ्यांनाही तितकाच लागू पडतो.

आधी आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण

व्हिडिओकॉन म्हणजे औरंगाबादच्या धूत कुटुंबाची कंपनी. एकेकाळी घराघरात यांचा रंगीत टीव्ही होता. 2005 मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने हातात आले. पण त्याच काळात एलसीडीचे भाव उतरत होते. 2008 च्या सुमारास जगात एलसीडी टीव्हीची विक्री ट्यूबवाल्या टीव्हीच्या पुढे गेली. 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला टेलिकॉमसारखी इतरही कारणं होती, सगळा दोष ट्यूबवर टाकता येणार नाही. तरी एवढं लक्षात ठेवा: विकणारा स्वस्तात का विकतोय, हे घेणाऱ्याने आधी विचारायचं असतं.

काउंटरवर समजावण्यापुरती टेक्नॉलॉजी

- एलईडी टीव्ही: हा एलसीडीच आहे, फक्त मागे एलईडीचे दिवे असतात.
- क्यूएलईडी: तोच टीव्ही, पण मध्ये क्वांटम डॉटचा थर. त्यामुळे रंग जास्त खुलतात. या क्वांटम डॉटच्या शोधाला 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.
- मिनी एलईडी: मागचे दिवे अगदी बारीक आणि संख्येने खूप. जिथे अंधार हवा तिथले मंद होतात. उजेडाच्या हॉलसाठी चांगला.
- ओएलईडी: मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. सोनीने 2007 मध्ये असा पहिला टीव्ही बाजारात आणला, तोही फक्त 11 इंची! मात्र एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर स्क्रीनवर डाग राहू शकतो. दिवसभर न्यूज चॅनल लावणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

आता हिशोब

समजा, 43 इंची टीव्ही तुम्ही 22,000 ला आणला. विकायचा 25,000 ला, म्हणजे मार्जिन 3,000. तो सहा महिने पडून राहिला, मधे नवं मॉडेल आलं आणि तुमच्या टीव्हीचा भाव 23,000 वर आला. मार्जिन उरलं 1,000. भांडवल दरमहा दीड टक्क्याने उचललेलं असेल तर सहा महिन्यांचं व्याज 1,980. म्हणजे टीव्ही विकूनही खिशातले 980 रुपये गेले. दुकानाचं भाडं आणि लाइटबिल यात धरलेलंच नाही.

भाव फक्त कंपनीच हलवते असं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. अशा वेळी गिऱ्हाईक नवा भाव विचारत येतं, तुमची खरेदी कधीची हे ते बघत नाही.

मग करायचं काय?

1. महागड्या मॉडेलचा एकच पीस डिस्प्लेला ठेवा, बाकी ऑर्डर आली की मागवा.
2. भाव पडला तर फरकाची क्रेडिट नोट मिळेल का, हे डिस्ट्रिब्युटरकडून लेखी घ्या.
3. आपलं गिऱ्हाईक ओळखा. शेलू, नेरळ, वांगणी पट्ट्यात बरेच जण कर्जत लोकलने नोकरीला जाणारे, हप्त्यावर घेणारे. त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'महिन्याला किती बसेल?'
4. प्रत्येक बॉक्सवर माल आल्याची तारीख लिहा. 45 दिवस झाले की ऑफर लावा आणि मोकळे व्हा.

आजचा गृहपाठ: दुकानातला सगळ्यात जुना पीस शोधा, वरच्या पद्धतीने त्याचं व्याज काढा आणि आकडा वहीत लिहा. दुकान अजून सुरू व्हायचं असेल तर पहिल्या खरेदीची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती किती दिवसांत विकली जाईल ते लिहा. जिथे आकडा लिहिताना हात अडेल, ती वस्तू सध्या एकच मागवा.