लेकरांना वावरात ने, पण मास्तरीण होऊ नकोस

रविवारी लेकरांना निसर्ग दाखवायला कुठं नेऊ, असं विचारतेस. अगं बाई, सिल्लोडला राहतेस, सासरचं वावर स्कूटीच्या टप्प्यात आहे आणि निसर्ग काय शोधतेस? शहरातली माणसं पैसे मोजून हुरडा खायला जातात. तुला फक्त एवढंच करायचंय, वावरात जाताना दोघांना बरोबर न्यायचं आणि तिथं पोचल्यावर जरा गप्प बसायचं.

हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. लेकरू वाकून मुंगी बघायला लागलं की आपण लगेच, "सांग बरं, मुंगीला पाय किती?" त्यापेक्षा एक गंमत कर. कपाशी फुलावर आली की थोरल्याला सकाळी नुकतंच उमललेलं एक फूल निवडू दे. पिवळट पांढरं असेल. त्याच्या देठाला लाल दोरा सैलसर बांधू दे. दुसऱ्या दिवशी ते फूल गुलाबी झालेलं असतं. तो म्हणेल, कुणीतरी फूल बदललं, नाहीतर माझा दोरा चोरला. भांडू दे. आजोबांना जाऊन विचारू दे. तू उत्तर देऊ नकोस, निदान संध्याकाळपर्यंत तरी.

विहिरीकाठच्या बाभळीवर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबायला लागले की तिथंही थोडं थांबा. विणतो तो नर. मादी येते, अर्धवट विणलेलं घर तपासते, पसंत पडलं नाही तर चालती होते आणि बिचारा नवं घर विणायला घेतो. हे लेकरांपेक्षा दाजींना दाखव, असं माझं मत आहे.

मृग लागला, म्हणजे ७-८ जूनला, आणि पाऊस पडला की मखमली लाल किडे बाहेर येतात. धाकटीच्या तळहातावर एखादा चालू दे. चावत नाही. डबीत भरू मात्र देऊ नकोस, आणि तिच्यावर नजर ठेव, तिला सगळं तोंडात घालायची सवय आहे.

आता मिरचीचं नीट ऐक. आपल्याकडं तोडणीच्या दिवसांत घराघरात तिखट हात असतात आणि तू तर धाकटीला अंगावर पाजतेस. नुसत्या पाण्यानं हात धुतलेस तर आग जात नाही, कारण मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हातांना गोडंतेल चोळ, नखांच्या कडांनाही, मग साबणानं धू, आणि मगच लेकराला घे. लुगडं-ओढणीही बदल. एवढं करूनही तिखट डोळ्यात गेलंच तर तिथं तेल-तूप काही घालू नकोस, स्वच्छ पाणी सोडत राहा. जिभेला झोंबलं तर दूध किंवा दही. सीताफळाच्या दिवसांत बियांचंही भान ठेव. बी फोडून तो हात डोळ्याला लागला तर डोळ्याला इजा होते. बिया वेचून लगेच टाकून द्यायच्या, खेळायला द्यायच्या नाहीत.

फवारणी झालेल्या वावरात लेकरू नेऊच नकोस, भले सासूबाई म्हणोत की आमची पोरं इथंच वाढली. २०१७ साली यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ती तर मोठी माणसं होती. पंप, रिकामे डबे, फवारणीचे कपडे, काहीच लेकरांच्या हाताला लागू नये. आणि पावसाळ्यात रात्री जमिनीवर अंथरूण टाकू नकोस, मण्यार झोपेत चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. साप चावलाच तर मांत्रिक नको, घट्ट आवळून बांधणं नको, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

अजिंठ्याला नेणार म्हणतेस तर ने. लेणी तुमच्यापासून ४० किलोमीटरच्या आसपास. सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेव. सगळी लेणी दाखवायचा हट्ट नको, चार-पाच वर्षांचं पोर तिसऱ्या लेण्यातच कडेवर येतं. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलीत आणि त्या चौघांना मिळून डोकं एकच आहे. थोरल्याला तेवढंच शोधायला सांग. सापडलं की बाहेर येऊन माकडं बघत बसा. पण हातात खाऊ ठेवू नका, माकडं हिसकावतात.

एक गोष्ट मात्र तुझ्या नवऱ्याशी बोलूनच घे. तुमच्या विहिरीला कठडा नाही आणि शेजारच्या शेततळ्याला कुंपण नाही. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, लेकराची काय कथा. तळ्याला तारेचं कुंपण आणि आत गाठी मारलेला एक जाड दोर काठावर पक्का बांधून सोडायचा, याला काही लाखभर लागत नाहीत. दिवाळीला मी येईन तेव्हा मला साडी नको नि सीताफळंही नकोत, तो कठडा आणि ते कुंपण झालेलं दाखव.