महामार्गाची कोंडी आणि कंत्राटाची रीत

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या सीमेलगत देगलूर हे तालुक्याचे गाव आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड असा येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ देगलूरवरून पुढे तेलंगणात शिरतो आणि संगारेड्डीजवळ हैदराबादच्या वाहतुकीस जाऊन मिळतो. लातूर जिल्ह्यातील उदगीरकडून येणारा रस्ताही देगलूरलाच येतो. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी बाजारपेठ, दवाखाने आणि सोयरीक यांच्या निमित्ताने चालणारी ये-जा थांबली नाही. आता हा मार्ग इंदूर-हैदराबाद या आर्थिक पट्ट्याचा भाग झाला असून, संगारेड्डीलगतचा कांडी ते रामसानपल्ले हा सुमारे ४० किलोमीटरचा चौपदरी टप्पा ५ मार्च २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आला.

मार्ग मोठा झाला की त्यावरील वाहतूक वाढते, आणि वाहतूक वाढली की वाटेवरील गावांपुढे कोंडीचा प्रश्न उभा राहतो. रस्ता रुंद करणे हाच यावरील उपाय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु काम कोणत्या पद्धतीच्या कंत्राटाने दिले जाते, यावरही कोंडी सुटणे न सुटणे पुष्कळसे अवलंबून असते. या दुसऱ्या बाजूची ओळख लोकप्रतिनिधी, अधिकारी व शिक्षक यांना असणे अगत्याचे आहे.

कोंडी कशी मोजतात?

रस्त्यावरील वाहतूक केवळ वाहने मोजून कळत नाही. भारतीय रस्ते महासभेच्या १९९० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार ग्रामीण रस्त्यावर एक मोटारगाडी म्हणजे एक एकक धरतात. ट्रक किंवा बस ही तीन एककांइतकी, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार एककांइतका, तर मोठी बैलगाडी तब्बल आठ एककांइतकी मानली जाते. सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्याने दिवसाकाठी सुमारे १५,००० एककांची वाहतूक सुरळीत वाहून न्यावी, अशी अपेक्षा असते.

या हिशेबाचा अर्थ असा की, सोयाबीनच्या वा उसाच्या हंगामात शंभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या महामार्गावर आल्या, तर साडेचारशे मोटारगाड्यांची जागा त्या व्यापतात. या शंभर ट्रॉल्यांना स्वतंत्र सेवा रस्ता मिळाला, तर मुख्य रस्ता एक फूटही रुंद न करता तेवढी जागा मोकळी होते. मात्र सेवा रस्ता कोठे हवा, भुयारी मार्ग किती उंचीचा असावा, कडब्याने भरलेली गाडी त्याखालून जाईल की नाही, हे कागदावरच्या रेषेपेक्षा गावकऱ्यांनाच अधिक नेमके ठाऊक असते. म्हणून ही माहिती कामात केव्हा पोहोचते, याला महत्त्व आहे.

प्रचलित पद्धती

सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी रीत अशी की, खाते स्वतः संकल्पन व अंदाजपत्रक तयार करते, निविदा मागवते आणि सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास काम देते. महाराष्ट्रात बी-१ व बी-२ नमुन्यांची कंत्राटे या रीतीची आहेत. पहिल्यात अंदाजपत्रकाच्या टक्केवारीने, तर दुसऱ्यात बाबनिहाय दराने निविदा भरली जाते. यात संकल्पनातील चुकीची जबाबदारी खात्यावर राहते. काम सुरू झाल्यावर मुरूम जास्त लागला किंवा मोरी वाढवावी लागली, तर जादा देयकाचा प्रश्न निर्माण होतो.

दुसरी रीत ‘ईपीसी’ या नावाने ओळखली जाते. सविस्तर संकल्पन, साहित्यखरेदी व बांधकाम या तिन्ही गोष्टी ठेकेदार एकाच ठोक रकमेत करतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटरचे काम १६ भागांत याच पद्धतीने झाले. ‘हायब्रीड ॲन्युइटी’ या तिसऱ्या पद्धतीस केंद्र शासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली. तीत प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात दिली जाते व उरलेली रक्कम पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडली जाते. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या चौथ्या पद्धतीत पथकराच्या उत्पन्नातून खर्च वसूल होतो.

या सर्व पद्धतींत एक समान दुवा आहे. किंमत आधी ठरते आणि जमिनीखाली व जमिनीवर काय आहे, ते पुरतेपणी नंतर कळते. मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील भराव योग्य थरांनी केला नाही, तर रस्ता खचतो. पाण्याच्या जलवाहिन्या व विजेचे खांब हलवावे लागतात. काही गटांचे भूसंपादन अडून राहते. ठोक किमतीने बांधलेल्या ठेकेदारास यातील प्रत्येक बदल हा तोटा वाटतो, तर खात्यास तो जादा खर्चाचा दावा वाटतो. वाद लवादापुढे जातो आणि अर्धवट रस्त्यावर वळणमार्गाची धूळ उडत राहते. कोंडी फोडण्यासाठी काढलेले कामच कोंडीचे कारण होऊन बसते.

मुंबई-पुणे मार्गाचा धडा

राहिलेली गोष्ट पुढे किती महाग पडते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसून आले. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे १९९७ मध्ये हे काम सोपवण्यात आले आणि २००२ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. देशातील तो एक मोठा टप्पा होता. परंतु खंडाळा घाटात सहा पदरी द्रुतगती मार्ग व चार पदरी जुना महामार्ग एकत्र येत असल्याने दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत शिरू लागली. बाकीचा मार्ग रुंद असूनही कोंडी नेमकी या संगमावर होऊ लागली. ती टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा, दोन बोगद्यांसह नवा दुवा बांधण्याचे काम २०१९ मध्ये हाती घ्यावे लागले. रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते, हे सूत्र घाटाला लागू आहे, तसेच तालुक्याच्या चौकालाही.

टप्प्याटप्प्याने संकल्पन व बांधकाम

‘प्रोग्रेसिव्ह डिझाइन-बिल्ड’, म्हणजे टप्प्याटप्प्याने संकल्पन व बांधकाम, ही पद्धती याच अडचणीतून पुढे आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून आपल्या परिवहन विभागास महामार्गांच्या मोठ्या कामांसाठी ती वापरण्याची मुभा दिली.

या पद्धतीत कामाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात एकूण किमतीवर नव्हे, तर अनुभव, मनुष्यबळ व कामाचा दृष्टिकोन यांवर ठेकेदाराची निवड होते. त्याचा नफा व व्यवस्थापन खर्च मात्र तेव्हाच ठरवून घेतला जातो. मग खात्याचे अभियंते, संकल्पनकार व ठेकेदार एकत्र बसून माती तपासतात, वाहतूक मोजतात, जलवाहिन्यांचा शोध घेतात आणि आराखडा पायरीपायरीने पक्का करतात. प्रत्येक पायरीवर खर्चाचा हिशेब खुला ठेवला जातो.

आराखडा पुरेसा पक्का झाल्यावर दुसऱ्या टप्प्यासाठी किंमत ठरते. ती मान्य झाली, तर तोच ठेकेदार बांधकाम करतो. मान्य न झाल्यास खाते झालेल्या संकल्पनाचे पैसे चुकते करून बाहेर पडू शकते व तोच आराखडा घेऊन नव्याने निविदा काढू शकते. बाहेर पडण्याची ही वाट खुली असल्यामुळेच ठेकेदारावर वाजवी किमतीचा दाब राहतो.

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घ्यावयास हव्यात. किंमत ठरतेवेळी स्पर्धक समोर नसतो. म्हणून खात्याने स्वतंत्र तज्ज्ञाकडून समांतर अंदाजपत्रक करून घेणे आवश्यक ठरते. हिशेब तपासू शकणारे अनुभवी अभियंते खात्याकडे नसतील, तर खुल्या हिशेबाला अर्थ उरत नाही. लहान, सरळ कामांना जुनी निविदा पद्धतीच पुरेशी आहे. जेथे अज्ञात बाबी पुष्कळ आणि वाहतूक चालू ठेवूनच बांधकाम करावयाचे, तेथेच हिचा खरा उपयोग आहे.

आपल्याकडील राष्ट्रीय महामार्गांच्या नेहमीच्या कंत्राटांत ही पद्धती नाही. तथापि केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांनी बांधकामांतही, ठरावीक अटींवर, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्यास परवानगी दिली. किमान दर हाच एकमेव निकष, या जुन्या समजुतीला त्यामुळे छेद गेला आहे.

गावाचा आवाज कधी?

पद्धती कोणतीही असो, तिचे मर्म एकच आहे. माहिती आधी आणि किंमत नंतर असा क्रम असावा. हे तत्त्व पाळण्यासाठी गावांना नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हितसंबंधितांना २१ दिवसांत हरकत नोंदवता येते. त्याही आधी, सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामपंचायतीने पुढील माहिती लेखी दिली, तर ती आराखड्यात उतरण्याची शक्यता वाढते: आठवडी बाजाराचा दिवस व त्या दिवशीची गर्दी; शाळेतील मुलांची रस्ता ओलांडण्याची जागा; पावसाळ्यात पाणी कोठून येते व किती चढते; पलीकडच्या शिवारात जाणाऱ्या पाणंदी; जलवाहिनीची जागा; आणि हंगामात जाणाऱ्या ट्रॅक्टरांची संख्या. ही संख्या शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित अंतरावर बसून, एका दिवसात मोजू शकतील. गणिताचा याहून जिवंत पाठ क्वचितच मिळेल.

कार्यारंभ आदेश निघाल्यावर मागितलेला भुयारी मार्ग हा वाढीव खर्च ठरतो. सर्वेक्षणाच्या वेळी मागितलेला भुयारी मार्ग हा आराखड्याचा भाग ठरतो. मधल्या काळात रस्ता ओलांडताना जे जीव धोक्यात येतात, त्यांची नोंद मात्र कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत होत नाही. देगलूरसारख्या सीमेवरच्या तालुक्यांतून उद्या आणखी रुंद रस्ते जातील. ते गावाला जोडतील की दुभंगतील, याचा निर्णय पहिला खडीचा ढीग पडण्यापूर्वीच झालेला असतो. त्या वेळी गावाने जागे असावे आणि खात्याने ऐकावे, यातच कोंडीवरील उपायाची सुरुवात आहे.