उमरोळीच्या हवेतली कॉफी-चॉकलेट कुकी

अगं, आधी कॉफीचं ऐक, कारण सगळे तिथेच घसरतात. फिल्टर कॉफीची पूड घेऊ नकोस. ती विरघळत नाही, दाताखाली कचकच लागते. इन्स्टंट घे आणि पुडी उलटून वाच. चिकोरी किती टक्के ते छापलेलं असतं. बिनचिकोरीची मिळाली तर तीच आण. दोन चहाचे चमचे कॉफी एक मोठा चमचा गरम दुधात विरघळव आणि पूर्ण गार होऊ दे. कोरडीच बटरमध्ये टाकलीस तर ठिपके राहतात, गरम ओतलीस तर फेटलेलं बटर वितळतं. आणि दोनाचे चार चमचे करायचा मोह आवर. कॉफी कोकोला उठाव द्यायला घालायची. खाणाऱ्याला चॉकलेट जास्त लागलं पाहिजे, कडूपणा नव्हे.

बटरची १०० ग्रॅमची वडी, ९० ग्रॅम पिठीसाखर, १३० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको, पाव चमचा खायचा सोडा, मूठभर चॉकलेटचे तुकडे. विकतचं बटर बहुतेक खारंच असतं, वेगळं मीठ नको. घरच्या लोण्यात पाणी जास्त, त्याने कुकी पसरते. बटर-साखर फेटून गार कॉफी घाल. मग मैदा घातल्यावर मळायचं नाही, बोटांनी नुसतं गोळा करायचं. मळलंस की चिवट झालीच.

थिजलेलं तूप घेतलंस तर नानकटाईच्या वाटेला लागशील. ती वाट वाईट नाही म्हणा. आपल्याच रेल्वेमार्गावर वर सुरतेला डचांची बेकरी पारशी दोटीवालांकडे आली, त्यांचं नाव नानकटाईशी अजून जोडलेलं आहे. आमच्या वेळी दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत नेऊन द्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. तिथला भट्टीवाला रंग बघून पत्रा ओढायचा. तुझी पंचाईत ही, की कोकोचा गोळा कच्चा असतानाच काळा. रंगावर भरवसा ठेवलास तर करपल्यावर कळेल. म्हणून ओव्हन दहा मिनिटं आधी तापव, १७० अंशांवर ठेव आणि बाराव्या मिनिटाला नाक लाव. चॉकलेटचा वास खोलीभर आला, कडा घट्ट आणि मधला भाग बोटाला किंचित मऊ लागला, की बाहेर. मऊच आहे म्हणून परत ढकलू नकोस, पत्र्यावरच कडक होते.

आता आपली हवा. पुस्तकातली वेळ पुस्तकवाल्याच्या गावची असते. इथे उमरोळीला समुद्र जवळ, एप्रिल-मेमध्ये बटर ओट्यावरच पाघळतं. गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय ओव्हनमध्ये घालायचे नाहीत. पावसाळ्यात उलटा त्रास. रात्रभर ताटात राहिलेल्या कुकीज सकाळी सादळलेल्या. जाळीवर पूर्ण गार कर आणि लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भर. गरम भरल्यास तर आपल्याच वाफेने नरम पडतात. सादळल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं, पुन्हा गार कर, पुन्हा कुरकुरीत.

ओटीजी ओव्हन मिक्सरच्या साध्या प्लगवर लावू नकोस, मोठ्या पिनचा पॉवर पॉइंट लागतो. वीज गेली तर जाड कढईत मीठ पसर, वर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापव. मग ताटली ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. खालून जास्त भाजतात, चवीला काही वाईट नाहीत.

चॉकलेटच्या तुकड्यांवर पैसे वाचवू नकोस. स्वस्त कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं, ते जिभेला चिकटून राहतं. निम्मे घाल, पण चांगले घाल.

आणि नवऱ्याच्या डब्यात द्यायच्या असतील तर अर्धं बोट जाड ठेव, प्रत्येक थरावर बटरपेपर घाल. पातळ केल्यास तर डहाणू लोकलच्या गर्दीत विरारच्या आधीच चुरा होईल, आणि तो चहात बुडवताही येत नाही.